मुलांच्या फोनवरचा वेब फिल्टर पुन्हा पुन्हा का सुटतो? सोप्यापासून अवघडापर्यंत तपासणी

घरोघरीचे वाय-फाय, राउटर आणि मुलांचे फोन लावून देण्याच्या कामात एक तक्रार माझ्याकडे सतत येते. फिल्टर लावलेला असतो, पहिले काही दिवस तो चालतो, आणि मग नको त्या साइट पुन्हा उघडू लागतात. पालकांचा समज असा होतो की फिल्टर कुचकामी आहे किंवा मुलाने तो फोडला. प्रत्यक्षात बहुतेक घरांत फिल्टर शाबूत असतो. मुलाच्या फोनमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी एखादी वाट त्याच्या कक्षेबाहेर राहिलेली असते. ती वाट न शोधता दुसरे, अधिक महागडे ॲप घेतले, तर तेही त्याच वाटेने सुटते.

लक्षणे

आधी आपल्या घरातले लक्षण नेमके कोणते, हे ठरवावे. बरेचसे निदान तिथेच होते.

– घरच्या वाय-फायवर साइट अडते, मोबाइल डेटा सुरू केला की उघडते.
– एका ब्राउझरमध्ये अडते, दुसऱ्यात किंवा एखाद्या ॲपच्या आत उघडते.
– फिल्टर एखादा आठवडा चालतो, मग कोणी काही न बदलता सुटतो.
– तीच साइट कधी अडते, कधी उघडते.
– साइट अडतात, पण यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर नको ते दिसतच राहते.
– ब्राउझरची हिस्टरी कोरी किंवा अर्धवट दिसते.

चाचणी घेताना खरी अश्लील साइट उघडून पाहू नये, आणि मुलासमोर तर मुळीच नाही. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेवर चालणारे फिल्टर देणाऱ्या कंपन्यांनी निव्वळ चाचणीसाठी निरुपद्रवी पत्ते ठेवलेले आहेत. क्लाउडफ्लेअरचा फिल्टर असेल तर 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' आणि ओपनडीएनएसचा असेल तर 'एक्झाम्पलॲडल्टसाइट डॉट कॉम' उघडून पाहावे. फॅमिली लिंकसारख्या, म्हणजे मुलाच्या खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या गूगलच्या व्यवस्थेत स्वतःची बंदी-यादी करता येते. तिथे एखादी साधी बातम्यांची साइट यादीत टाकून ती अडते का, ते पाहावे. प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार सेटिंग एकदम बदलली, तर कशाने काम झाले हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात बिघाड परतल्यावर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

खाते कोणाचे आहे?

ही दोन मिनिटांची, बिनखर्चाची तपासणी आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग इथेच निकाली निघतो. मुलाच्या फोनवर आईचे किंवा वडिलांचे गूगल खाते चालू असते, कारण फोन आधी त्यांचा होता. फॅमिली लिंकचे नियम फोनला नव्हे, तर मुलाच्या खात्याला लागतात. खाते मोठ्या माणसाचे असेल तर फिल्टरला अडवण्यासारखे कोणी मूल तिथे दिसतच नाही. दुसरा प्रकार असा की खाते मुलाचेच असते, पण ते उघडताना जन्मसाल मागे ढकललेले असते. मग १८ वर्षांखालील खात्यांना गूगल शोधात आपोआप मिळणारे सेफसर्चचे, म्हणजे अश्लील निकाल गाळणाऱ्या सोयीचे, संरक्षणही मिळत नाही.

यासाठी एक सोपी खूण आहे. अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत पाहावे. देखरेखीखालच्या खात्यात इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारा टॅब उघडता येत नाही. तो पर्याय तिथे चालू दिसत असेल, तर क्रोम देखरेखीखाली नाही, हे नक्की समजावे. आयफोनवरही असेच आहे: सेटिंगमधील स्क्रीन टाइम या पालक-नियंत्रणाच्या विभागात प्रौढ वेबसाइटवर मर्यादा घातली की सफारीतील प्रायव्हेट टॅब आणि हिस्टरी पुसण्याची सोय, दोन्ही बंद होतात. प्रायव्हेटचा पर्याय दिसतो आहे, म्हणजे मर्यादा लागलेलीच नाही. स्क्रीन टाइमला फोनच्या पासकोडहून वेगळा पासकोड असतो, आणि तो मुलाच्या जन्मतारखेचा नसावा, हे सांगायला नको, पण सांगावे लागते.

भारतात स्वतःचे गूगल खाते सांभाळण्याचे किमान वय १३ आहे. म्हणून तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास फिल्टर सुटल्याची तक्रार असेल, तर फॅमिली लिंकमध्ये देखरेख अजून चालू आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

दुसरा ब्राउझर, आणि ॲपच्या पोटातला ब्राउझर

फॅमिली लिंकचा वेब फिल्टर क्रोमपुरता आहे. फोनवर ऑपेरा, फायरफॉक्स, ब्रेव्ह किंवा फोन कंपनीने आधीच घालून दिलेला ब्राउझर असेल, तर तो या नियमांच्या बाहेर राहतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीचा फिल्टर फक्त मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये चालतो, आणि म्हणून तो सुरू केल्यावर इतर प्रचलित ब्राउझर अडवले जातात. अभ्यासासाठी क्रोम लागते म्हणून पालक तेवढी परवानगी देतात, आणि त्या क्षणी फिल्टर निरर्थक होतो. मुलाच्या फोनवर एकच ब्राउझर ठेवावा आणि नवे ॲप पालकांच्या मंजुरीशिवाय बसणार नाही, अशी व्यवस्था करावी.

याहून निसटती वाट म्हणजे टेलिग्राम, इन्स्टाग्राम किंवा एखाद्या गेममधील दुव्यावर टिचकी मारली की ॲपच्या आतच उघडणारे पान. त्या पानाची नोंद क्रोमच्या हिस्टरीत होत नाही आणि क्रोमचा फिल्टरही त्याला लागू नसतो. इथे खात्याचा फिल्टर पुरत नाही. डीएनएसचा फिल्टर लागतो. त्याकडे पुढे येऊ.

संगणकावर आणखी एक पळवाट आहे. क्रोममधील पाहुणा मोड किंवा 'नवे प्रोफाइल जोडा' हा पर्याय वापरला, की मुलाच्या खात्याची सगळी बंधने मागे राहतात. विंडोजवर मुलाचे खाते प्रशासकाचे नसून साधे वापरकर्त्याचे असावे, ही त्यावरची पहिली अट होय. प्रशासकाचे अधिकार मुलाकडे असतील, तर पुढची कोणतीही तपासणी करण्यात अर्थ नाही.

हिस्टरी कोरी का दिसते?

कोरी हिस्टरी हा बिघाड नसून बहुतेकदा तिचा चुकीचा अर्थ लावणे असते. क्रोम आपल्या उपकरणावर सुमारे ९० दिवसांचीच हिस्टरी दाखवते. इन्कॉग्निटोची खिडकी बंद केली, की त्या सत्राची हिस्टरी आणि कुकीज त्या उपकरणावर उरत नाहीत. मात्र साइटला, इंटरनेट कंपनीला आणि शाळेच्या नेटवर्कला ती भेट दिसू शकते. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर सामूहिक दावा झाला होता, आणि २०२४ च्या तडजोडीत इन्कॉग्निटोमध्ये गोळा झालेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले. म्हणजे 'खासगी' हा शब्द घरातल्या दुसऱ्या माणसापुरता खरा आहे, जगापुरता नाही. मुलांना हे समजावून सांगितले, तर ती मन लावून ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. घरात दोन उपकरणांवर एकच खाते असेल, तर सिंक, म्हणजे खात्याची माहिती सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवणारी सोय, चालू असल्यामुळे वडिलांचे शोध मुलाच्या फोनवर आणि मुलाचे वडिलांच्या संगणकावर दिसतात. शिवाय फुकट चित्रपटांच्या किंवा गेमच्या साइटवर एका टिचकीत दोन-तीन जाहिरातींची पाने आपोआप उघडतात आणि त्यांचीही नोंद होते. हिस्टरीत एखादे नाव दिसले म्हणून मुलाला समोर उभे करण्याआधी हे दोन प्रकार वगळून पाहावेत.

वाय-फाय की मोबाइल डेटा?

मुलाच्या फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर चाचणी घ्यावी. अडणारी साइट आता उघडली, तर फिल्टर राउटरवर आहे आणि तो घराच्या भिंतींबाहेर पोचत नाही. मुलाच्या फोनमध्ये सिमच नसेल, तर आईच्या फोनचा हॉटस्पॉट आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायचा जुना पासवर्ड, या दोन जागा तपासाव्यात. गणपतीत किंवा लग्नकार्यात पाहुण्यांना दिलेले पासवर्ड वर्षानुवर्षे तसेच राहतात.

यावर सर्वांत स्वस्त उपाय राउटर बदलणे हा नाही. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाचे सेटिंग आहे. त्यात कुटुंबासाठीच्या फिल्टरचा पत्ता लिहिला, उदाहरणार्थ 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम', की तो वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर लागू होतो, आणि बहुतेक ॲपच्या आत उघडणाऱ्या पानांनाही लागतो. राउटरला हात न लावता अर्ध्याहून अधिक लक्षणे इथे मिटतात. ते बदलणे मात्र मुलालाही तितकेच सोपे आहे, त्यामुळे हा उपाय मुलाला सांगूनच करावा. लपवून केलेला उपाय फार दिवस लपत नाही.

प्रायव्हेट डीएनएस आणि सिक्युअर डीएनएस

डीएनएस ही साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी सेवा आहे. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३, ओपनडीएनएसचा २०८.६७.२२२.१२३ किंवा क्लीनब्राउझिंगचा १८५.२२८.१६८.१६८ हे फिल्टर बंदी असलेल्या नावाला खरा पत्ता देतच नाहीत, म्हणून साइट उघडत नाही. (राउटरमध्ये हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत लिहावेत.) याचा अर्थ असा की फोनने प्रश्न दुसऱ्याच डीएनएसला विचारला, तर राउटरवरचा फिल्टर त्या संभाषणात येतच नाही. 'कोणी काही न बदलता सुटला' या लक्षणाचे मूळ अनेकदा इथे असते.

दोन ठिकाणी पाहावे. पहिले, फोनमधील प्रायव्हेट डीएनएस. मुले इथे जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसचा पत्ता लिहितात, कारण गेममधल्या जाहिरातींचा त्यांना कंटाळा येतो. पालकांचा फिल्टर चुकवण्याचा त्यात हेतू नसतो, पण परिणाम तोच होतो. अशा वेळी पत्ता नुसता पुसून टाकला, तर तो पुन्हा येणारच. त्याऐवजी 'फॅमिली डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम' लिहावा. तो जाहिराती आणि प्रौढ साइट दोन्ही अडवतो. मुलाचे काम होते, पालकांचेही होते.

दुसरे, ब्राउझरच्या आतील 'सिक्युअर डीएनएस'. क्रोममध्ये हे मे २०२० मध्ये आवृत्ती ८३ पासून आले. ते आपोआप पद्धतीवर असेल, तर क्रोम सहसा आहे तीच डीएनएस कंपनी ठेवून फक्त संभाषण सांकेतिक करते, आणि फिल्टर टिकतो. तिथे हाताने दुसरी कंपनी निवडलेली असेल, तर त्या ब्राउझरपुरता राउटरचा फिल्टर संपला. फायरफॉक्समध्ये हे सेटिंग वेगळ्या जागी, गोपनीयतेच्या विभागात आहे, म्हणून ते पाहायचे राहून जाते. सिक्युअर डीएनएस ही मुळात वाईट गोष्ट नाही. बाहेरच्या वाय-फायवर ती गोपनीयता राखते. ती सरसकट बंद करण्यापेक्षा तिथेही कुटुंबासाठीचाच पत्ता लिहिणे अधिक शहाणपणाचे आहे.

एक उपद्रव मात्र माहीत असावा. काही क्लासच्या, हॉटेलच्या किंवा वसतिगृहाच्या वाय-फायवर प्रायव्हेट डीएनएसचे संभाषण अडवले जाते आणि फोन 'इंटरनेट नाही' असे सांगतो. मूल मग ते सेटिंग बंद करते आणि घरी आल्यावर पुन्हा चालू करायला विसरते.

राउटर, आणि आयपीव्ही६ची वाट

'कधी अडते, कधी उघडते' हे लक्षण असेल, तर मी इतर काही न पाहता थेट इकडे येतो. भारतातल्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांवर आता इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीबरोबर, म्हणजे आयपीव्ही४बरोबर, नवी आयपीव्ही६ही चालते. पालक किंवा दुकानदार राउटरमध्ये १.१.१.३ लिहितात, तेव्हा ते फक्त आयपीव्ही४साठी असते. आयपीव्ही६साठी इंटरनेट कंपनीचा स्वतःचा, फिल्टर नसलेला डीएनएस तसाच राहतो, आणि फोन दोन्हींपैकी कोणालाही विचारतो. घराला दोन दरवाजे असताना एकालाच कुलूप लावावे, तसे हे आहे.

विंडोजवर कमांडच्या खिडकीत 'ipconfig /all' ही आज्ञा दिली, की वापरात असलेले सगळे डीएनएस दिसतात. त्यात आपण लिहिलेल्या पत्त्याशेजारी ':' या चिन्हांनी जोडलेला एखादा लांबलचक, अनोळखी पत्ता दिसला, तर दोष सापडला. राउटरच्या आयपीव्ही६ विभागात २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ हे क्लाउडफ्लेअरचे कुटुंबासाठीचे पत्ते लिहावेत. त्यानंतर राउटर आणि फोन दोन्ही बंद करून सुरू करावेत. उपकरणे जुना डीएनएस आणि जुनी उत्तरे काही काळ धरून ठेवतात, आणि बदल बरोबर असूनही 'झाले नाही' असे वाटते.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या पुष्कळ राउटरमध्ये डीएनएस बदलण्याची सोयच नसते, किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की ती सेटिंग मूळपदावर जातात. एखादा आठवडा चालून सुटणाऱ्या फिल्टरचे हे दुसरे मोठे कारण आहे. अशा घरी उपकरणावरचा प्रायव्हेट डीएनएस वापरावा. तो पुरला नाही तरच स्वतःचा राउटर विकत घेऊन कंपनीच्या राउटरमागे जोडावा. राउटरचा प्रशासक पासवर्ड अजून तळाच्या स्टिकरवर छापलेला तोच असेल, तर तो याच बैठकीत बदलावा.

व्हीपीएन

व्हीपीएन म्हणजे फोनची सगळी ये-जा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेणारे ॲप. फुकट व्हीपीएन सुरू झाले, की राउटरचा आणि प्रायव्हेट डीएनएसचा, दोन्ही फिल्टर सहसा निष्प्रभ होतात. फोनच्या वरच्या पट्टीवर किल्लीची खूण दिसते का, आणि सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या यादीत कोण आहे, ते पाहावे. संगणकावर ब्राउझरची एक्स्टेन्शनही तपासावीत. ऑपेरात ही सोय आतच असते, आणि पैसे भरून आयक्लाउडची मोठी जागा घेतलेल्या घरात आयफोनवरील प्रायव्हेट रिले सफारीपुरते तेच काम करते.

यूट्यूब आणि इन्स्टाग्राम

इथे पालकांची अपेक्षाच चुकलेली असते. डीएनएसला साइटचे नाव दिसते, त्या साइटवरचे पान किंवा व्हिडिओ दिसत नाही. त्यामुळे यूट्यूब एकतर पूर्ण उघडे असते किंवा पूर्ण बंद. आतली निवड यूट्यूबच्या रिस्ट्रिक्टेड मोडने, म्हणजे प्रौढांसाठीचे व्हिडिओ गाळणाऱ्या सेटिंगने, किंवा मुलाच्या देखरेखीखालच्या खात्यानेच होते, आणि रिस्ट्रिक्टेड मोड हाताने लावला तर तो त्या ब्राउझरपुरता किंवा उपकरणापुरताच राहतो. क्लीनब्राउझिंगचा कुटुंब-फिल्टर तो नेटवर्कवरून लावतो. पण तो रेडिटसारख्या मिश्र साइटही पूर्ण बंद करतो, हे आधी ठरवून घ्यावे.

हेरगिरीची ॲप लावू नयेत

इतके करूनही समाधान झाले नाही, की काही पालक मुलाचे संदेश, शोध आणि कळफलक लपून वाचणारी ॲप विचारतात. मी ती लावून देत नाही. अशी बरीच ॲप प्ले स्टोअरबाहेरून घ्यावी लागतात आणि प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप ओळखणारी अँड्रॉइडची सुरक्षा, बंद करायला सांगतात. म्हणजे मुलाच्या सुरक्षेसाठी फोनची सुरक्षा आधी काढायची. शिवाय मुलाची सगळी माहिती एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. २०१८ मध्ये टीनसेफ या पालकांसाठीच्या ॲपचे सर्व्हर उघडे सापडले, आणि त्यात मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड साध्या मजकुरात होते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे, आणि मुलांचा माग काढण्यावर व त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यावर कलम ९ मध्ये कंपन्यांना मनाई केली आहे. कंपन्यांवर जे बंधन असावे असे आपल्याला वाटते, ते काम पैसे भरून दुसऱ्या कंपनीकडून करून घेणे मला पटत नाही. काय अडवले आहे आणि काय पाहिले जाते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला माहीत असलेच पाहिजे.

इथे थांबावे आणि मदत घ्यावी

फोनच्या 'डिव्हाइस ॲडमिन' यादीत अनोळखी नाव दिसत असेल आणि ते काढता येत नसेल, संगणकावरील क्रोम 'आपल्या संस्थेकडून व्यवस्थापित' असे सांगत असेल आणि तो संगणक कोणत्याही शाळेचा किंवा कचेरीचा नसेल, किंवा राउटरचा डीएनएस बदलल्यावर दरवेळी एखादा अनोळखी पत्ता परत येत असेल, तर पुढे स्वतः प्रयोग करू नयेत. हे फिल्टरचे प्रश्न नाहीत. उपकरणावर दुसऱ्याचा ताबा असण्याची शक्यता आहे. जाणकार तंत्रज्ञाकडे न्यावे, आणि दरम्यान त्या उपकरणावर बँकेचे व्यवहार करू नयेत. राउटर कंपनीनेच कुलूपबंद केलेला असेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवावी. इंटरनेटवर सापडलेले फर्मवेअर, म्हणजे राउटरचे आतले सॉफ्टवेअर, त्यात भरू नये.

तपासणी करताना मुलाला कोणी धमकावत असल्याचे, त्याचे फोटो मागत असल्याचे किंवा पैसे उकळत असल्याचे दिसले, तर फिल्टरचे काम तिथेच सोडावे. काहीही पुसू नये, फोन रीसेट करू नये, समोरच्याला उत्तर देऊ नये. संदेश आणि खात्यांच्या नावांचे स्क्रीनशॉट ठेवावेत, पण मुलाचे आक्षेपार्ह फोटो कोणालाही, नातेवाइकालासुद्धा, पाठवू नयेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच, आणि मुलाला आधाराची गरज असेल तर १०९८ या बाल मदत क्रमांकावर संपर्क साधावा. तंत्रज्ञ यात फारसे काही करू शकत नाही. उलट त्याने फोन 'साफ' करून दिला, तर पुरावाच जातो.